फटीतलं आकाश : तारकागुच्छांच्या फोटोंविषयी तुमचे प्रश्न

या वेळच्या टपालात बहुतेकांची तक्रार एकच आहे. आकाश धड मोकळं नाही, धड झाकलेलंही नाही. दहा मिनिटं तारे, मग अर्धा तास कापूस. अशा आकाशात दीर्घिका किंवा तेजोमेघांच्या नादाला लागू नये, त्यांना सलग काही तास लागतात. तारकागुच्छ मात्र तुकड्यातुकड्यांनी गोळा करता येतात, म्हणून आम्ही या वेळी तेवढीच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवरून कृत्तिकांचा फोटो काढायचा आहे. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि ट्रायपॉड आहे. ३० सेकंदांचं एक्सपोजर दिलं की ताऱ्यांच्या रेघा होतात, आणि दर पाच-दहा मिनिटांनी ढग येतो. ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारी बैठक) घ्यावाच लागेल का?
— एक वाचक, चिंचवड

नाही. निदान या हंगामात तरी नको. आहे त्या सामानात कृत्तिका नीट येतात, फक्त एक्सपोजर फार लांब होतंय.

हिशेब असा. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे ५० मिमी लेन्समागे तो आकाशाचे सुमारे १६ विकला (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला) व्यापतो. कृत्तिका सेकंदाला पावणेचौदा विकला सरकतात. ३० सेकंदांत त्या पंचवीस पिक्सेल पुढे जातात आणि रेघ उमटते. ‘५०० भागिले नाभीय अंतर’ हा नियम बऱ्याच ठिकाणी सांगतात. त्यात क्रॉपचा दीडपट गुणक धरला तरी उत्तर साडेसहा सेकंद येतं आणि तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट होतात. तो नियम फिल्मच्या आणि छोट्या छपाईच्या काळात ठीक होता. तुम्ही २ सेकंद ठेवा. सरकणं दोन पिक्सेलच्या आत राहतं आणि तारा ताराच दिसतो.

दोन सेकंदांची एक फ्रेम बघून निराश होऊ नका. अशा तीनशे फ्रेम एकावर एक रचल्या की दहा मिनिटांचा प्रकाश जमतो. त्या सलग असाव्यात असं काही नाही. आज ऐंशी, ढग गेल्यावर साठ, उरलेल्या उद्या, असं चालतं. शहराच्या उजळ आकाशात छोट्या फ्रेमचा तोटाही फारसा होत नाही, कारण आकाशाच्या उजेडाचा गोंगाट, म्हणजे फोटोतली दाणेदार खरखर, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या गोंगाटाला काही सेकंदांतच झाकून टाकतो. आणि ढग आला की दोन सेकंदांची एक फ्रेम वाया जाते, दोन मिनिटांची नव्हे.

खरी मेहनत ढगांतली फट उघडण्याआधीची. ट्रायपॉडचे पाय न लांबवता ठेवा, मधला दांडा वर काढू नका, खाली दोन लिटर पाण्याची पिशवी टांगा. पिशवी जमिनीला जेमतेम टेकलेली असावी. ती लोंबकळली तर स्वतःच झुलते. लेन्सचं आणि कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बंद. ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ही बंद, कारण ते चालू असलं तर कॅमेरा लांब फ्रेमनंतर तेवढाच वेळ काळी फ्रेम घेतो आणि अर्धी फट त्यातच जाते. फाइल रॉ, आयएसओ ८०० ते १६००, व्हाइट बॅलन्स डेलाइट. फ्रेमांमध्ये एक सेकंदाचं अंतर. तीनशे रॉ फ्रेमांना आठ-नऊ जीबी लागतात, कार्ड मोकळं करूनच गच्चीवर जा. आणि पाण्याच्या टाकीची मोटर चालू असेल तर ती थांबेपर्यंत थांबा, तिची थरथर स्लॅबमधून थेट ट्रायपॉडात येते.

फोकस लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर ठेवून चालत नाही. शेजारची रोहिणी स्क्रीनच्या मधोमध आणा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठं करा आणि रिंग केसभर पुढे-मागे करत तारा सर्वांत लहान होईल तिथे थांबा. एका बाजूला गेलात की ताऱ्याला जांभळी कड येते, दुसरीकडे गेलात की हिरवट. जांभळी नुकती नाहीशी होते ती जागा बरोबर. तिथे रिंगला कागदी चिकटपट्टी लावा. ऑटोफोकसचं बटन बंद केलंय ना, हे एकदा बघा. सगळं जुळवून शटर दाबल्यावर लेन्स घरघरत फोकस हलवते, हा अपघात फार नेहमीचा आहे.

एफ/१.८ वर कडेचे तारे पक्ष्यासारखे पंख पसरतात, म्हणून छिद्र लहान करायला हवं. ते लेन्समधून केलंत तर पात्यांमुळे प्रत्येक ठळक ताऱ्याला टोकं फुटतात. कुणाला ती आवडतात, आम्हाला कृत्तिकांवर ती खटकतात. त्याऐवजी लेन्स एफ/१.८ वरच ठेवा आणि काळ्या कार्डशीटची चकती कापून तिच्या मधोमध १८ मिमीचं गोल भोक पाडा. ५० भागिले १८, म्हणजे एफ/२.८ झालं. भोक कात्रीने नको. कंपासला पातं लावून किंवा पंचाने पाडा, कारण कडेचा प्रत्येक धागा फोटोत ताऱ्याभोवती किरण बनून येतो. चकती जुन्या फिल्टरच्या रिंगेत बसवली की हलत नाही.

ढग आला की रिकामे बसू नका. झाकण लावा आणि त्याच आयएसओवर, तेवढ्याच दोन सेकंदांच्या तीस डार्क फ्रेम (फोटोतून कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा करायच्या काळ्या फ्रेम) घ्या. त्यांना आकाश लागत नाही, पण कॅमेऱ्याचं तापमान तेच लागतं. म्हणजे ढग हीच त्यांची योग्य वेळ.

कृत्तिकांभोवतीचा निळसर धूसर पदर दिसेल का, असं पत्राच्या शेवटी विचारलंय. चिंचवडच्या गच्चीवरून, या सामानाने, नाही. तारे मात्र डझनांनी येतील, आणि ठळक तारे सुरेख निळे. जाता जाता, वैदिक वाङ्मयात कृत्तिकांची जी सात नावं येतात त्यांत अभ्रयंती, मेघयंती आणि वर्षयंती आहेत. ढगांची तक्रार करायला हे ठिकाण तसं अवघडच.

प्रश्न : आमचं घर गावाबाहेर आहे, मागच्या अंगणात चांगला अंधार असतो. पण दिवाळीनंतर रात्री दहाच्या पुढे लेन्सवर दव बसतं. पुसलं तर पाच मिनिटांत पुन्हा. काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

सर्वांत आधी पुसणं बंद करा. फडक्याने दव जात नाही, पसरतं. शिवाय धुळीचे कण काचेवर घासले जातात.

दव ‘पडत’ नाही, काचेवर तयार होतं. उघड्या आकाशाकडे तोंड केलेली काच आपली उष्णता वर फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. हवा २४ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २१.३ अंशांवर असतो. म्हणजे काच तीन अंशांनी गार झाली की झालं. कोकणात हे अंतर बहुतेक रात्री एवढंच किंवा याहून कमी असतं. उपायही तेवढाच करायचा आहे : काच हवेपेक्षा अंशभर उबदार ठेवायची. भाजायची नाही.

पहिला उपाय फुकटातला. लेन्सच्या व्यासाच्या दीडपट लांबीची नळी करा. जुन्या योगा मॅटचा काळा तुकडा उत्तम, कारण तो स्वतः पाणी धरत नाही. काचेला दिसणारं आकाश कमी झालं की ती हळू गार होते. यावर तास-दीड तास निघतो.

त्यापुढे उबेची पट्टी लागते. यूएसबीवर चालणाऱ्या तयार पट्ट्या मिळतात. पाच वॉटची पट्टी दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर सहाएक तास चालते. घरी करायची असेल तर ४७० ओहम, अर्धा वॉटचे दहा रेझिस्टर घ्या. दोन लवचीक तारा समांतर ठेवून शिडीच्या पायऱ्यांसारखे ते मध्ये डाखा, म्हणजे सगळे समांतर जोडले जातात. १२ व्होल्टवर प्रत्येकात ०.३ वॉट, एकूण ३ वॉट आणि पाव अँपियरच्या आसपास प्रवाह. यूपीएसमधल्या ७ एएचच्या बॅटरीवर रात्र सहज जाते. ६७ मिमी फिल्टरच्या लेन्सचा घेर साधारण चोवीस सेंटिमीटर भरतो, तेव्हा दोन रेझिस्टरांत सव्वादोन-अडीच सेंटिमीटर अंतर ठेवलं की पट्टी बरोबर बसते. ३३० ओहमचे घालू नका. त्यांत प्रत्येकी ०.४४ वॉट जळतात, रेझिस्टर मर्यादेच्या काठावर येतो आणि त्याच्यावरची श्रिंक ट्यूब मऊ पडते. बॅटरीजवळ एक अँपियरचा फ्यूज घाला. पट्टीच्या बाहेरून पॅकिंगचा पांढरा फोम गुंडाळा, नाहीतर निम्मी ऊब अंगणात जाते.

पट्टी पुढच्या काचेजवळ असावी, फोकसच्या रिंगवर नव्हे. आणि ती फोकस करण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं चालू करा. लेन्स तापली की फोकस सरकतो. आधी फोकस आणि मग पट्टी, असं केलं तर पहिल्या तासाभराच्या फ्रेमांत तारे हळूहळू फुगत गेलेले दिसतात आणि माणूस दोष दवाला देतो.

दव बसलंच, तर हेअर ड्रायर मंद गरमवर, हातभर अंतरावरून. अंगण ओलं असताना २३० व्होल्टची एक्स्टेन्शन बाहेर ओढू नका. लेन्स काढून पडवीत न्या आणि तिथे वाळवा.

वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर आतल्या काचांवर वाफ धरते, तिला पट्टीचा उपयोग नाही. खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, पिशवी बाहेर ठेवा आणि अर्ध्या तासाने उघडा. पाणी पिशवीवर जमतं, कॅमेऱ्यावर नाही.

प्रश्न : अंदाजात ‘ढगाळ २० टक्के’ असतं आणि प्रत्यक्षात पूर्ण झाकोळ. कशावर विश्वास ठेवावा?
— एक वाचक, लातूर

टक्केवारी तासाची आणि मोठ्या प्रदेशाची असते, तुम्हाला हवी आहे दहा मिनिटांची फट. तेव्हा अंदाज फक्त ‘आज सामान काढायचं का’ एवढ्यापुरता बघा. पुढचं उपग्रहाच्या चित्रावर. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅटची ताजी चित्रं येत राहतात. रात्री त्यांतलं अवरक्त चित्र उघडा आणि लागोपाठची तीन-चार बघा. ढग कुठल्या दिशेने किती सरकले हे नकाशावर बोटाने मोजलं की पुढच्या तासाचं बऱ्यापैकी कळतं. एक खोच लक्षात ठेवा : अवरक्त चित्र तापमान दाखवतं. उंचावरचे थंड ढग त्यात पांढरे उठून दिसतात. धुकं आणि खालचा ढगांचा थर जमिनीइतकाच उबदार असतो, तो दिसतच नाही. चित्र कोरं आणि डोक्यावर पांढरं, असं झालं तर चित्र खोटं नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात काही शिजत असलं की त्याची वरची झालर मराठवाड्यापर्यंत येते. डिसेंबरनंतर पश्चिमी विक्षोभाचे उंच, तलम ढग येतात. हे तलम ढग सर्वांत फसवे. डोळ्याला आकाश मोकळं वाटतं, फोटोत मात्र प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती दुधी वलय येतं. म्हणून पहिली चांगली फ्रेम कसोटीची म्हणून जपा आणि दर वीस मिनिटांनी ताजी फ्रेम तिच्याशेजारी ठेवून सर्वांत मंद तारे दिसतात का ते बघा. ते गेले असतील तर तलम ढग आलेला आहे.

पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र सोडू नका. धूळ धुतली जाते आणि तेवढी स्वच्छ हवा एरवी महिनाभर मिळत नाही.

प्रश्न : स्टार ट्रॅकर घेतला, पण गच्चीवरून ध्रुव तारा दिसत नाही. उत्तरेला इमारत आहे आणि वर धुरकट. ध्रुवाशिवाय ट्रॅकर लावता येतो का?
— एक वाचक, कोल्हापूर

येतो. १३५ मिमीपर्यंतच्या लेन्सला पुरेल इतका तर नक्कीच. कोल्हापुरात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम पावणेसतरा अंशांवर असतो, त्यामुळे तो न दिसणं हाच तिथला नियम समजा. ट्रॅकरसोबतच्या पुस्तिका बहुधा चाळीस-पन्नास अंश अक्षांशावरच्या लोकांसाठी लिहिलेल्या असतात.

ट्रॅकरचा फिरण्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला लागतो. त्यात किती चूक चालते ते आधी बघू. अक्ष एक अंशाने चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त सोळा विकला भटकतो. १३५ मिमी आणि ३.९ मायक्रॉन पिक्सेलला एक पिक्सेल म्हणजे सहा विकला. ३० सेकंदांच्या फ्रेममध्ये आठ विकला, सव्वा पिक्सेलच्या आसपास. चालतं. तेव्हा अक्ष एक अंशाच्या आत आणला की काम झालं.

उंचीचा कोन फोनच्या कोनमापकाने लावा. फोन आधी सपाट फरशीवर ठेवून शून्य तपासा, मग ट्रॅकरच्या अक्षाला समांतर असलेल्या सपाट भागावर टेकवून १६.७ अंश आणा.

दिशेसाठी लोक फोनचं होकायंत्र वापरतात आणि तिथेच फसतात. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एका अंशापेक्षाही कमी आहे, त्याची काळजी नको. पण स्लॅबमधल्या सळ्या, लोखंडी कठडा आणि टाकीचा स्टँड होकायंत्राला पाच-दहा अंश सहज फिरवतात. त्यापेक्षा सूर्य बरा. तुमच्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधली वेळ काढा. कोल्हापुरात ती नोव्हेंबरच्या मध्यावर सव्वाबाराच्या जरा पुढे आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेएकच्या पुढे येते. त्या मिनिटाला ओळंब्याची सावली गच्चीवर जिथे पडते ती रेघ खडूने आखा आणि नंतर ऑइल पेंटने पक्की करा. हीच खरी दक्षिणोत्तर. थंडीत एका मिनिटाची गफलत म्हणजे सुमारे एक तृतीयांश अंश, तेव्हा घड्याळ फोनचंच घ्या. हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य कोल्हापूरच्या जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा ओळंब्याला सावलीच उरत नाही.

रेघ एकदा उमटली की दर रात्री ट्रायपॉडचे दोन पाय तिच्यावरच्या खुणांवर ठेवायचे. ढगांच्या दिवसांत हाच मोठा फायदा. फट उघडली तेव्हा तुम्ही अक्ष जुळवत बसलेले नसता.

प्रश्न : सीस्टार एस५० या स्वयंचलित छोट्या दुर्बिणीने कृत्तिका टिपताना कडेचे तारे वर्तुळाकार फाटतात, मधले बरे येतात. यंत्र बिघडलंय का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

यंत्र ठीक आहे. तुम्ही कृत्तिका डोक्यावर असताना टिपताय. हे यंत्र साध्या बैठकीवर वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतं, त्यामुळे तारा मधोमध राहिला तरी भोवतालचं चित्र त्याच्याभोवती फिरत जातं. संभाजीनगरहून कृत्तिका शिरोबिंदूपासून जेमतेम चार अंशांवरून जातात. त्या वेळी हे फिरणं तासाला १९० अंशांच्या वेगाने होतं. दहा सेकंदांच्या फ्रेममध्ये अर्धा अंश, म्हणजे चित्राच्या टोकाशी आठ-नऊ पिक्सेल. फाटणारच.

त्या माथ्यावर येण्याच्या अडीच तास आधी टिपा. तेव्हा त्या पूर्वेला ५५ अंश उंचीवर असतात आणि फिरणं तासाला सहा अंशांवर येतं. दहा सेकंदांत कडेला पाव पिक्सेलच्या आसपास. कृत्तिका तुमच्याकडे मध्य नोव्हेंबरला रात्री साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतात, मध्य डिसेंबरला साडेदहाला, मध्य जानेवारीला साडेआठला. त्यावरून वेळ ठरवा. दुसरी गोष्ट : चित्राची रुंदी पाऊण अंशाच्या आत आणि कृत्तिकांचा पसारा दोन अंशांच्या आसपास, तेव्हा त्या एका चित्रात मावतच नाहीत. याच यंत्राला मिथुनेतला एम ३५ हा तारकागुच्छ द्या. अर्ध्या अंशात बसतो आणि त्याच्या कुशीत दूरचा, दाट गुच्छ एनजीसी २१५८ फुकटात मिळतो. मात्र तोही माथ्याजवळूनच जातो, तेव्हा नियम तोच.

प्रश्न : शहराच्या उजेडावर उपाय म्हणून ड्युअल बँड फिल्टर घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

तारकागुच्छांसाठी मुळीच नाही. तो फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रंगरेषा तेवढ्या आत सोडतो. तेजोमेघ त्याच रेषांत चमकतात, तारे मात्र सगळ्याच रंगांत प्रकाशतात. म्हणजे फिल्टर तुमच्या ताऱ्यांचाच प्रकाश अडवतो आणि निळे-पिवळे रंग मारून टाकतो. पैसे ठेवा. गच्चीवर दिवा डोळ्यात येतो त्या बाजूला चादर टांगली तर याहून जास्त फरक पडेल.

प्रश्न : सिरिल या फ्रेम रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये १२० फ्रेम रचल्या, त्यांतल्या चाळीसेक ढगाळ होत्या. चांगल्या ऐंशीच रचल्या तर चित्र उलट बरं दिसतं. जास्त फ्रेम म्हणजे जास्त चांगलं ना?
— एक वाचक, पुणे

चांगल्या फ्रेम जास्त असतील तर. त्या चाळीसही चांगल्या असत्या तरी ८० वरून १२० वर गेल्याने फायदा वर्गमुळाच्या हिशेबाने २२ टक्केच झाला असता. ढगाळ फ्रेममध्ये ताऱ्यांचा प्रकाश कमी आणि ढगावर पडलेला शहराचा उजेड जास्त. सिरिल फ्रेमा एका पातळीवर आणताना त्या मंद ताऱ्यांना ओढून मोठं करतं, आणि त्यांच्यासोबत गोंगाटही. म्हणून चित्र बिघडतं.

क्रम असा ठेवा. डार्क आणि फ्लॅट (लेन्सच्या कडेचा काळोख आणि धुळीचे डाग काढायला घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) लावून झाल्यावर, जुळवणीच्या आधी, प्रत्येक फ्रेममधून पार्श्वभूमीचा उतार साध्या रेषीय पातळीवर वजा करा, कारण ढगांसोबत उजेडाची बाजू बदलत असते. मग जुळवणी. त्यानंतर आलेख उघडा आणि ताऱ्यांची संख्या बघा. ढगाच्या फ्रेमांत रेघ दरीसारखी कोसळलेली दिसते. सर्वांत चांगल्या फ्रेमच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी तारे असलेल्या सगळ्या काढा. मग पार्श्वभूमीचा आलेख बघा, त्यात उंच सुळके असतील तेही काढा. तारे पुरेसे पण फुगलेले, अशा फ्रेम बहुधा दवाच्या किंवा तलम ढगाच्या असतात. त्या काढायला हात कचरतो, तरी काढा. वलय नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही.

उरलेल्या फ्रेमा सरासरीने, विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग (सरासरीपासून फार भटकलेले पिक्सेल वगळणारा पर्याय) ३ आणि ३ ठेवून रचा. विमानं आणि उपग्रहांच्या रेघा त्यातच जातात, पण त्यासाठी निदान वीस-पंचवीस फ्रेम हाताशी हव्यात. चित्र उजळताना आधी फोटोमेट्रिक रंगजुळणी, मग असिन्ह पद्धत, म्हणजे ताऱ्यांचे रंग राखून उजळणारा पर्याय. साध्या कर्व्हने ठळक तारे पांढरे फटक होतात. तारकागुच्छाच्या फोटोत रंग गेला तर नुसते पांढरे ठिपके उरतात.

फ्लॅट घेतल्याच नाहीत, असंही पत्रात आहे. लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर वीस घ्या. फोकस आणि छिद्र मात्र फोटोच्या वेळचंच हवं, दुसऱ्या दिवशी रिंग हलवल्यावर घेतलेल्या फ्लॅट धुळीचे डाग दुप्पट करतात.

प्रश्न : नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी गोव्यातून घरामागच्या परसातून टिपता येईल का? मे महिन्यात सुट्टी आहे, पण संध्याकाळी वळवाचे ढग असतात.
— एक वाचक, म्हापसा

येईल, आणि जरूर टिपा. लंडन किंवा पॅरिसहून हा गोलाकार गुच्छ कधीच क्षितिजावर येत नाही. तुमच्याकडे तो दक्षिणेला २७ अंशांपर्यंत चढतो. दक्षिणेला माडांची रांग नसली म्हणजे झालं. साधारण एक कोटी तारे, अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं. जुन्या यादीकारांनी तो एकटा तारा समजून नोंदवला होता. सेंट हेलेना बेटावरून बघताना १६७७ मध्ये एडमंड हॅलीला तो ताऱ्यासारखा नाही हे जाणवलं.

शोधायला सोपा. चित्रा तारा बरोबर दक्षिणेला आला की तिच्या सरळ खाली ३६ अंश, म्हणजे हात लांब करून साडेतीन मुठी. काळोख्या जागी डोळ्यांना धूसर ठिपका दिसतो, नाही दिसला तरी २ सेकंदांच्या चाचणी फ्रेममध्ये तो फुगलेल्या ताऱ्यासारखा लगेच कळतो. तो सर्वांत उंच येण्याची वेळ मध्य एप्रिलला रात्री साडेबारा, मध्य मेला साडेदहा. वळवाचे ढग दुपारच्या तापल्या जमिनीवर वाढतात आणि रात्री विरत जातात, त्यामुळे आठ वाजता आकाश बघून सामान गुंडाळू नका. विजा मात्र गंमत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने केलेलं, विजांचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर ठेवा. वीस किलोमीटरच्या आत इशारा आला तर ट्रायपॉड तिथेच सोडून घरात जा. कॅमेऱ्यावर आधीच एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी चिमट्याने तयार ठेवलेली असू द्या.

१३५ मिमीवर गुच्छ लहान पण गोल, दाणेदार येतो. २०० ते ३०० मिमी असेल तर उत्तम. ट्रॅकरवर २० सेकंदांच्या साठ फ्रेम पुरतात. २७ अंशांवर प्रकाश माथ्याच्या सव्वादोन पट हवेतून येतो, त्यामुळे तारे मंद आणि पिवळट दिसतील. रंगजुळणीत ते सुधारतं. मधला गाभा जळू देऊ नका. आयएसओ ८०० वर थांबा आणि कडेचे मंद तारे जास्त फ्रेमांनी मिळवा. लांब नाभीय अंतरावर ताऱ्यांना वर निळी आणि खाली लाल कड येईल. ती लेन्सची नव्हे, हवेची. तीन रंग वेगळे करून एकमेकांवर जुळवले की जाते.

प्रश्न : लंडनजवळ राहतो. मागे छोटं अंगण आहे, पण जूनमध्ये अंधारच होत नाही. दोन महिने बंद ठेवावं का?
— एक वाचक, इंग्लंड

नको. तुमच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य १८ अंशांखाली जात नाही, म्हणून पूर्ण काळोख नाही. मंद तेजोमेघ विसरा. पण शौरीतला एम १३ हा गोलाकार गुच्छ तेव्हा मध्यरात्रीच्या आसपास ७५ अंशांवर असतो आणि त्याचे तारे त्या निळसर उजेडातही सुटे येतात. रात्री साडेबारा ते दोनच्या दरम्यान १५-२० सेकंदांच्या फ्रेम घ्या. आकाशाचा निळा रंग बदलत जातो, तेव्हा वर सांगितलेली उतार वजा करण्याची पायरी तुम्हाला सर्वांत जास्त लागेल. आणि ध्रुव तुमच्याकडे साडेएक्कावन अंशांवर आहे. कोल्हापूरकरांना सांगू नका.